क्लबहाऊसच्या लाकडी पट्ट्या ९ वर्षांत कुजल्या, मग इंग्लंडातलं लाकूड ५०० वर्षं कसं टिकतं?

कासारवडवली_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, नाव देत नाही, उगाच व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट फिरतात. आमचं कॉम्प्लेक्स इंग्लिश व्हिलेज थीमचं, म्हणजे ब्रोशरमध्ये तसं छापलेलं होतं. टॉवर आपले नेहमीसारखे उंचच उंच, इंग्लिश काय ते फक्त क्लबहाऊस. पांढऱ्या भिंती, त्यावर काळ्या लाकडी पट्ट्या उभ्या आडव्या तिरक्या, वर उतरतं छप्पर. पझेशनच्या दिवशी सगळ्यांनी समोर उभं राहून फोटो काढलेले. आता ९ वर्षं झाली आणि पट्ट्या कुजल्यात, खालच्या दोन-तीन तर नुसत्या बोटाने दाबल्या तरी भुगा पडतो, पावसात मागून पाणी झिरपतं आणि आत टेबल टेनिसच्या रूममध्ये भिंतभर बुरशी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं उतरवून नवीन पाइन मारू, मागच्या फटी सिमेंटने पॅक करू आणि वरून जाड पेंट. कोटेशन बघून आमच्या खजिनदारांनी चहा अर्धा टाकला.

तर झालं असं की मे महिन्यात मुलीकडे इंग्लंडात लेमिंग्टनला गेलो होतो. तिने एक दिवस स्ट्रॅटफर्डला नेलं आणि तिथून जवळच शॉटरी गावात शेक्सपिअरच्या बायकोच्या माहेरी, अ‍ॅन हॅथवेचं कॉटेज म्हणतात ते. सगळ्यात जुना भाग १४६३ चा! म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही दीडशेहून जास्त वर्षं आधीचा. तिकडेही लाकडाची चौकट, मध्ये पांढरी भिंत, वर पेंढ्याचं छप्पर, पाऊसही बाराही महिने पिरपिर चालूच. मी हळूच एका खांबाला नख लावून बघितलं (मुलगी ओरडली), दगड आहे दगड.

मग आमच्याच पट्ट्यांनी काय पाप केलंय? लाकूड वेगळं की कारागीर वेगळा? आणि अजून एक, तिथे एक गृहस्थ सांगत होते की अशा घरांचं लाकूड जुन्या जहाजांचं असतं, हे खरं का? सप्टेंबरात एजीएम आहे, तोवर काहीतरी ठरवायचंय.

सानपाडा_लोकल

९ वर्षं टिकल्या? काका तुमचा बिल्डर देवमाणूस आहे, पत्ता द्या, पाया पडून येतो. आमच्याकडे पहिल्याच पावसात लॉबीचं फॉल्स सीलिंग अंगावर आलेलं.

तळखडा

काका, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, ऑफिस नौपाड्यात, बरीचशी वाड्यांचीच. दोन वर्षं इंग्लंडमध्ये शिकायला होतो तेव्हा ही घरं आतबाहेर बघितलीत, त्यामुळे लांबड लावणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट ही की तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करताय. शॉटरीच्या घरात जे काळं लाकूड दिसतं ते म्हणजेच घर. खांब, तुळया, वासे सगळे एकमेकांत अडकवलेले, छपराचं वजन त्यांच्यावर, आणि मधली पांढरी भिंत नुसतं भोक बुजवायला. भिंत काढली तरी घर उभं राहील, लाकूड काढलं तर खाली बसेल. तुमच्या क्लबहाऊसला बरोब्बर उलटं आहे, आत आरसीसी आणि ब्लॉकची भिंत, त्यावर सिमेंट प्लास्टर, त्यावर स्क्रूने ठोकलेली इंचभर जाडीची पाइनची पट्टी. तिला काम काहीच नाही, फक्त दिसायचं. आणि नुसतं दिसण्यासाठी लावलेली वस्तू कशी कोरडी राहील याचा विचार कोणी करत नाही.

कुजण्याचं म्हणाल तर लाकूड पावसाने कुजत नाही, पाणी आत अडकून राहिलं की कुजतं. तुमच्या पट्टीच्या मागे केसाएवढी फट असणार, त्यातून पाणी शिरलं की पुढे ऑइल पेंट आणि मागे सिमेंट, बाहेर निघायला वाटच नाही. त्यात स्क्रूचा गंज. ९ वर्षं म्हणजे सानपाडावाले म्हणतात तसं चांगलीच टिकली.

इंग्रज सुतारांनाही हे पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं बरं का. त्यांच्याकडेही आधी खांब सरळ जमिनीत पुरायचे आणि बुंधे कुजायचे, तसली घरं आज उभी नाहीत, जमिनीत खड्ड्यांच्या खुणा तेवढ्या सापडतात. मग जेव्हा दगडाचं बुटकं जोतं बांधून त्यावर आडवी ओकची तुळई टाकायला लागले आणि खांब त्या तुळईत बसवायला लागले तेव्हा ही घरं शतकं काढायला लागली. आपल्याकडे वाड्याचा खांब दगडी तळखड्यावर ठेवतात ते याच कारणासाठी (माझं नाव इथे तळखडा का आहे ते आता कळलं असेल). लाकडाचा पाय ओल्यात नाही म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

लाकूड ओकचं. आणि गंमत म्हणजे ते ओलंच वापरायचे, तोडल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षांच्या आत, कारण ओक सुकला की इतका कडक होतो की पटाशी चालवताना हात दुखतात. ओल्या लाकडात साल-कुसू कापायचे, म्हणजे एका लाकडाला जीभ आणि दुसऱ्याला खाच, आणि आरपार ओकचीच खुंटी. यात एक बारीक युक्ती आहे, कुसवातलं म्हणजे जिभेतलं भोक मुद्दाम जरासं खांद्याकडे, जीभ सुरू होते त्या बाजूला, सरकवून पाडायचं म्हणजे खुंटी ठोकली की ती जोड आपोआप आवळते. पुढे लाकूड सुकताना आखडतं, पीळ खातं, पण सांधा सुटत नाही. तुम्ही तिकडे वाकडेतिकडे खांब आणि उतरत्या जमिनी बघितल्या असतील, ते बहुतेक म्हातारपण नसतं, घर पहिल्या काही वर्षांतच तसं बसलेलं असतं.

ओलं लाकूड वापरल्याचा आज एक फायदा होतो. झाडाच्या वर्षवलयांवरून ते कधी तोडलं ते काढता येतं, आणि लाकडावर झाडाची साल शिल्लक असेल तर कुठल्या ऋतूत तोडलं तेही. तोडलं तेव्हाच बांधलं, म्हणजे घराचा जन्मदाखलाच मिळाला. काही काही घरांची अगदी एका वर्षापर्यंतची तारीख छातीठोकपणे सांगतात ती यावरून.

तुम्ही शॉटरीत आणखी एक गोष्ट बघितली का, जुन्या भागात दोन मोठी वाकडी लाकडं जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत जातात आणि वर एकमेकांना टेकतात? आपल्या छपराची कैची जमिनीपर्यंत खाली ओढली तर कशी दिसेल तशी. त्याला ते क्रक म्हणतात. वाकडं झाड शोधायचं आणि उभं चिरायचं की दोन जुळी पाती मिळतात, डावं आणि उजवं.

आता जहाजांचं. बहुतेक वेळा थाप आहे, तीही प्रत्येक गावात सांगितली जाणारी. जुन्या तुळईवर रिकाम्या खाचा दिसतात म्हणून लोकांना वाटतं हे कुठल्यातरी जहाजाचं असणार. तसं नसतं, जुनं घर पाडलं की त्याचं लाकूड नव्या घरात घालायचे एवढंच. आणि समुद्रापासून शे-दीडशे किलोमीटर आत, बैलगाडीच्या रस्त्याने जहाज कोण ओढून आणणार, शेजारी ओकचं रान असताना?

खोपट_सिव्हिल

तळखडासाहेब छान लिहिलंत पण थोडं इंग्रजांचं कौतुक जास्त होतंय असं नाही वाटत? जी पडली ती आपल्याला दिसत नाहीत, जी उरली तीच दाखवून "बघा कसं बांधायचे" म्हणायचं. ५०० वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या झोपड्या कुठायत? आणि आगीचं काय, लाकूड, पेंढा आणि घरात चूल, म्हणजे काडेपेटीच.

तळखडा

अगदी मान्य. हॅथवे मंडळी गरीब नव्हती, जमीनजुमला असलेले शेतकरी होते, कॉटेज हे नाव नंतर लाडाने पडलंय. मजुरांची घरं केव्हाच मातीत गेली.

आगीचं म्हणाल तर लंडनने ते भोगलं. १६६६ ची आग लागली आणि १६६७ ला कायदाच आला की शहरात नवी घरं विटांची किंवा दगडाची. तरी हॉलबॉर्नमध्ये स्टेपल इनचा १५८५ चा लाकडी दर्शनी भाग अजून रस्त्यावर उभा आहे, १९४४ मध्ये बॉम्ब पडल्यावर बराच दुरुस्त केलेला. आणि काकांनी बघितलं त्या शॉटरीच्या घरालाही १९६९ ला आग लागली होती, मग दुरुस्त केलं. तुमचा मुद्दा बरोबर आहे, टिकणं म्हणजे नुसती कारागिरी नाही, नशीब आणि कोणीतरी सतत मागे लागून दुरुस्ती करत राहणं हेही आहेच.

सफकची_सून

माहेर ठाण्याचं, चरईतलं, गेली ११ वर्षं इंग्लंडात सफकमध्ये. आम्ही अशाच एका घरात राहतो म्हणून लिहिते, आर्किटेक्ट वगैरे काही नाही.

काका तुम्ही एक दिवस बघून आलात ते बरं केलंत, राहून बघा 😄 सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच कपाळमोक्ष. दारं इतकी बुटकी की माझा नवरा अकरा वर्षांत वाकायला शिकला नाही आणि तुळई सरळ व्हायला शिकली नाही. वरच्या खोलीत पेन ठेवलं की घरंगळत खिडकीपाशी जातं, कपाटाच्या दोन पायांखाली पुठ्ठे आहेत.

तुमच्या बुरशीवरून मला आमची हकिकत आठवली. आमच्या आधीच्या मालकांनी कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता, घर मजबूत होईल म्हणून. घर घेतल्यावर दुसऱ्या वर्षी कोपऱ्यातून कुबट वास यायला लागला, गिलावा खरवडला तर खालची आडवी तुळई स्पंज झालेली, चमच्याने निघत होती. तीनशे-साडेतीनशे वर्षं धड असलेलं लाकूड सिमेंटने एका पिढीत खाल्लं! सुताराने तेवढाच कुजलेला तुकडा कापून नवीन ओक सांधला, सगळी तुळई नाही काढली हां, जेवढं गेलं तेवढंच. आणि वर चुन्याचा गिलावा, चुन्याचीच सफेदी. चुना पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडून देतो, सिमेंट सोडत नाही, असं तो सुतार म्हणाला. तेव्हा काका, त्या कॉन्ट्रॅक्टरला सिमेंटने पॅक करू देऊ नका हो.

हे सगळं कौन्सिलची परवानगी घेऊन. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं, इथल्या लिस्टेड घरांपैकी दहातली नऊ तरी ग्रेड टूच असतात, आणि १७०० च्या आधीचं बऱ्यापैकी शाबूत घर असेल तर ते यादीत असतंच असं समजायचं. खिडकीची काच बदलायची तरी अर्ज. दुहेरी काचा लावायच्या होत्या, नाही म्हणाले, हिवाळ्यात दोन गोधड्या घेऊन बसते.

आणि काळा-पांढरा रंग! यावर माझी इथल्या लोकांशीही भांडणं होतात. आमच्या भागात जुनी पद्धत म्हणजे लाकूड आणि भिंत सगळ्यावर एकच चुन्याचा हात, किंवा लाकूड तसंच सोडायचं, मग ओक राखाडी चंदेरी होतो, फार सुंदर दिसतो. ते कुळकुळीत काळं डांबर फासायची हौस बरीचशी व्हिक्टोरियन काळातली, १९ व्या शतकातली. तुमच्या बिल्डरने ज्या इंग्लंडची नक्कल केली ते मुळात दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांनी केलेल्या नकलेचं इंग्लंड आहे.

जवळच लॅव्हनम गाव आहे, कधी आलात तर नेईन. वरचा मजला रस्त्यावर दीड-दोन फूट पुढे आलेला, अशी घरंच्या घरं. निळ्या लोकरी कापडावर गाव गब्बर झालं, १५३० च्या सुमाराचा गिल्डहॉल, म्हणजे तिथल्या संघाचं सभागृह, अजून आहे. मग धंदा बसला. पैसाच राहिला नाही त्यामुळे जुनं पाडून नवीन बांधायला कोणाकडे काही नव्हतं, म्हणून घरं वाचली. रीडेव्हलपमेंट झालं नाही म्हणून वाचलेलं गाव, ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

कासारवडवली_सेक्रेटरी

बापरे, ताई आणि तळखडा, मी प्रिंट काढून कमिटीला वाचायला देतो. तो वरचा मजला पुढे काढायचं कारण काय पण? मला वाटलं आपल्यासारखं एफएसआय चोरायला 😀 आणि आत लाकडं काळी होती ती पण डांबराने का?

तळखडा

हा हा, थोडंफार तेच. शहरात जमीन कमी, वर हवेत दोन फूट मिळाले तर कोणाला नको होते. पण नुसतं तेवढंच असतं तर गावाकडे मोकळ्या शेतात उभ्या असलेल्या घरांना असे मजले नसते, तिथेही आहेत, म्हणजे मिरवण्याचा भाग मोठा. खालच्या भिंतीला पावसापासून आडोसाही होतो. दोन बाजूंना मजला पुढे काढायचा असेल तर कोपऱ्यात एक तिरकी तुळई लागते, तिला ड्रॅगन बीम म्हणतात, आणि तिच्याखालचा कोपऱ्याचा खांब उलटं झाड कापून करायचे, मुळाकडचा रुंद भाग वर, म्हणजे त्यावर सगळं टेकतं. हे बघितलं की मला आपल्या वाड्यांच्या खांबावरचे कोरीव हस्त आठवतात, काम तेच, वरचं वजन पसरून खांबावर आणायचं.

आतल्या काळ्या लाकडाचं म्हणाल तर छपरातली लाकडं खरोखर काळी असतील तर ती काजळी. सुरुवातीला या घरांना धुराडंच नव्हतं, मध्यभागी छपरापर्यंत उघडी एकच मोठी खोली आणि जमिनीवर मधोमध शेकोटी, धूर वर जाऊन पेंढ्यातून, झरोक्यातून निघायचा. विटांची धुराडी आणि मधला मजला साधारण १६ व्या-१७ व्या शतकात घालून घेतला लोकांनी. म्हणून माळ्यावर चढून वाशांवर बोट फिरवलं आणि काजळी लागली की समजायचं, हे घर धुराड्याच्या आधीचं.

आणखी एक मजेची गोष्ट. ही घरं जागेवर कापून बांधत नसत. सुताराच्या अंगणात सगळी चौकट आडवी मांडून जुळवायची, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या खुणा करायच्या, मग सोडवून गाडीत घालून नेऊन जागेवर उभी करायची. चार लिहिताना चार उभ्या रेघा मारतात, पाचाच्या आधी एक असं नाही लिहीत, म्हणजे लाकूड उलटं फिरलं तरी सहाशी गोंधळ नको. या खुणा अजून दिसतात. त्यामुळेच घर हलवताही येतं. केंटमध्ये बो बीच धरणाखाली जाणार होतं म्हणून बेलीफ नावाचं १५ व्या शतकातलं शेतकऱ्याचं घर असंच सांधा-सांधा सोडवून ससेक्समधल्या सिंगलटनच्या म्युझियममध्ये पुन्हा उभं केलंय.

ऐरोली_मुरबाडकर

धरणाचं नाव काढलंत, वाईट वाटलं जरा. आमच्या तालुक्यात बारवीचं पाणी वाढवलं तेव्हा घरं गेली ती जेसीबीने गेली, खुणा कोण करतंय.

पण मी लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या पांढऱ्या भिंतीच्या आत काय असतं? कारण ताईंच्या लिखाणावरून मला आमच्या आजीचं घरच दिसायला लागलं.

सफकची_सून

दादा आमच्याकडे सुताराने कोपऱ्यातली भिंत उघडली तेव्हा बघितलंय मी. ओकच्या उभ्या फळकांड्या, त्यांच्यात हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या टोपलीसारख्या विणलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि चिरलेला पेंढा कालवून थापलेलं. त्या उभ्या फळकांड्या बसवायची पण युक्ती आहे, वरच्या तुळईला खालून भोकं आणि खालच्या तुळईला लांब खोबण, फळकांडीचं टोक वर भोकात घालायचं आणि खालचं टोक खोबणीतून सरकवत आणायचं, खिळा एक नाही. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या अगं हा तर कुड आहे!

ऐरोली_मुरबाडकर

कुडच तो, दुसरं काय! आमच्याकडे हेझलच्या जागी कारवी. पावसाळा संपला की कारवी तोडून आणायची, सरळ काठ्या निवडायच्या, मेढींच्या म्हणजे लाकडी खांबांच्या मध्ये बांबूच्या कामट्यांनी घट्ट बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती. आजी मातीत भाताचा भुसा घालायची, भेगा पडत नाहीत म्हणून. दर वर्षी दिवाळीच्या आधी सगळ्या घराचं सारवण, आम्ही पोरं कोपरापर्यंत शेणात. आमच्या मेढी मात्र जमिनीत पुरलेल्या होत्या, तळखडे-बिळखडे काही नाही, त्यामुळे वाळवी लागायची आणि आजोबा दर काही वर्षांनी एखादी मेढ बदलायचे. छप्पर आधी गवताचं, दर वर्षी शाकारायचं, मग कौलं आली.

ते घर २००५ ला पाडून स्लॅबचं बांधलं. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही आता. मी ऐरोलीला फ्लॅटमध्ये एसी लावून हे टाइप करतोय, बोलायला तोंड नाही म्हणा.

खोपट_सिव्हिल

मुरबाडकर तुमची पोस्ट आवडली. पण आपला पाऊस अडीच हजार मिलिमीटर आणि तोही चार महिन्यांत, सफकमध्ये वर्षभरात सहाशेच्या आसपास. तो कुड दर वर्षी सारवला म्हणून टिकला, क्लबहाऊसला दर वर्षी सारवायला कोण येणार, मेंटेनन्स भरत नाहीत लोक.

काका, प्रॅक्टिकल सांगा आता, करणार काय?

तळखडा

काका, माझं मत विचाराल तर पट्ट्या काढून टाका आणि परत लावू नका. स्क्रूची भोकं नीट भरून प्लास्टरची दुरुस्ती, खिडक्यांवर छज्जा नसेल तर छज्जा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायला पन्हळी, तुमचं निम्मं पाणी तिथेच थांबेल. वाफ बाहेर जाऊ देणारा बाहेरचा साधा रंग मिळतो तो लावा. सिमेंटच्या भिंतीवर उगाच चुना लावायला जाऊ नका, ताईंचं घर वेगळं तुमचं वेगळं. नवी पाइन, सिमेंट आणि जाड पेंट मात्र नको, म्हणजे परत ९ वर्षांनी हीच पोस्ट.

लाकूड हवंच असेल तर दारापुढे छोटी पडवी करा, चार सागवानी खांब, दगडी तळखड्यावर, साल-कुसू आणि खुंट्या. ती खरी असेल. सुतार मी देतो, हे काम करणारी माणसं अजून आहेत.

कासारवडवली_सेक्रेटरी

अपडेट देतो. काल कमिटीची मीटिंग झाली, तुमच्या सगळ्यांच्या पोस्टचे प्रिंट वाटले. पट्ट्या काढायच्या हे पाच विरुद्ध दोन मतांनी पास, एजीएमला ठेवतोय. पडवीचं सगळ्यांना आवडलं, कोटेशन आल्यावर किती आवडतं बघू. वॉचमनने एक सैल पट्टी ओढून काढली तर मागे मुंग्यांचं वारूळ आणि एक हरवलेला टेबल टेनिसचा बॉल.

विरोध केलेल्या दोघांपैकी बी विंगच्या काकूंचा मुद्दा असा की पट्ट्या गेल्या तर कॉम्प्लेक्सचं नाव इंग्लिश कशाला ठेवायचं, आणि रीसेलला फरक पडेल. यावर पाऊण तास गेला.

मुरबाडकर, पडवीच्या एका बाजूला कारवीचा कुड करता येईल का हो? मुलांना दाखवायला. सारवायला मी येईन, बायको हसतेय पण येईन.

ऐरोली_मुरबाडकर

येईल की. दिवाळी होऊ द्या, आत्ता कारवी ओली आहे. शेण मात्र घोडबंदरला तुम्ही बघा, ते मी ट्रान्सहार्बर लोकलने आणणार नाही.